चौथी जागा

१८ एप्रिल

रमजानचा उपवास सोडायला खालू मिज़हिरकडे गेलो होतो, यूम्मा आणि मी. माझा मामा, यूम्माचा हा धाकटा भाऊ, रस्त्यांची कंत्राटं घेतो, मोठ्या लोकांत त्याची ऊठबस असते. माझा भाऊ मुहन्नद निदर्शनांत, पुलावरच्या गोळीबारात मारला गेला तेव्हा दुखवट्याचा तंबू त्यानेच उभारला होता. त्यामुळे त्याचं ऐकून घ्यावं लागतं.

मसुराचं सार संपतंय तोच म्हणाला, "इब्तिहाल, तू निवडणुकीला उभी राहा."

मला हसू आलं. "मी औषधं विकते, खालू."

"चौकातल्या तंबूत पोरांना औषधं कोण देत होतं? अर्धं गाव तुझ्याकडून पट्टी बांधून घरी गेलंय. आणि तू मुहन्नदची बहीण आहेस."

यूम्माने मान वर केली नाही. "राफिद उभा राहतोय. तेवढं पुरे."

"राफिद काय आपल्या घरातला आहे?"

"माझ्या मुलाला पुलावरून खांद्यावर घालून आणणारा तोच होता," यूम्मा म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

घरी येताच ती झोपायला गेली. मला मात्र रात्रभर खालूचंच बोलणं ऐकू येत होतं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. मुहन्नद गेल्यापासून लोक माझ्याकडे बघताना फक्त त्याला बघतात. आज पहिल्यांदा कुणीतरी मलाही मोजलं.

२० एप्रिल

राफिदला विचारल्याशिवाय हो म्हणणार नव्हते. दुकान बंद करून त्याच्या कचेरीत गेले. पुलावर मेलेल्या सगळ्या मुलांच्या घरांचा खटला तोच चालवतो. त्या दिवशी गुडघ्यात गोळी लागली होती, तेव्हापासून डावा पाय ओढत चालतो.

"उभी राहायचं म्हणतेस? मग आधी हे नीट समजून घे," म्हणत त्याने फायलींचा रिकामा खोका उलटा करून त्यावर चार चौकटी काढल्या.

आतापर्यंत अख्खा प्रांत म्हणजे एक मतदारसंघ असायचा. पक्षांच्या याद्या असायच्या. लोक यादीतल्या बड्या नावाला मत द्यायचे आणि त्याच्या जोरावर कुणाला ठाऊक नसलेली माणसं बगदादला जायची. आपण चौकात महिनोन् महिने ओरडलो ते याच्याविरुद्ध. आता लहान मतदारसंघ झाले. आमच्यात चार जागा आहेत. प्रत्येकाला एकच मत. ज्यांना सर्वांत जास्त मतं पडतील ते चौघे निवडून येणार.

"सरळ आहे की," मी म्हटलं.

"दिसायला सरळ आहे. चौघांत एक तरी बाई हवी. बाई स्वतःच्या मतांवर पहिल्या चारांत आली तर प्रश्नच नाही. नाही आली तर चौथा पुरुष बाहेर जातो आणि बायकांमध्ये जिला जास्त मतं पडली असतील ती त्याच्या जागी बसते."

"मग तुम्हा पुरुषांना खऱ्या जागा तीनच."

"तीनच. मला तिसरा तरी यायलाच हवं. आणि बाईची जागा थोडक्या मतांतही निघते. आज ती सत्ताधारी पक्षाची सुहाद नेणार हे ठरलेलं आहे. तू नेलीस तर आपले दोघे होतील." मग तो थांबला. "पण तुला मत देणार कोण? चौकातलीच माणसं. आणि त्यांच्याकडे मत एकच आहे. यादी असती तर तुझी-माझी मतं एका पोत्यात पडली असती. इथे तुझं प्रत्येक मत माझ्या ताटातलं."

त्याची बायको समर चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "मग वाटणी करा. दोन सख्खे भाऊ जमीन वाटतात तशी."

आम्ही वाटणी केली. कालव्याच्या उत्तरेकडचं गाव राफिदचं, दक्षिणेकडचं माझं. उत्तरेला मी मत मागायचं नाही, दक्षिणेला त्याने नाही. ज्याने त्याने आपल्या माणसांना तसंच सांगायचं. हातात हात घेतला तेव्हा तो हसला. "आपणच मागितलेला कायदा आहे. आता आपणच निस्तरू."

९ जुलै

दिवसाला चार तास वीज. दुकानातली इन्सुलिन शेजारच्या कसायाच्या फ्रीजमध्ये ठेवते आहे आणि संध्याकाळी मतं मागत फिरते आहे.

दक्षिणेचे लोक ऐकून घेतात. बायका दार उघडतात. एक म्हातारी म्हणाली, "तू निवडून आलीस तर निदान शिव्या द्यायला तुझं दुकान तरी ठाऊक आहे. आधीचा खासदार कुठे राहतो ते आजवर कळलं नाही." लहान मतदारसंघाचा फायदा इतक्या सोप्या शब्दांत मला सांगता आला नसता.

पक्षाच्या सुहादबाईंचे फलक महिन्याभरापासून दिसत नाहीत. शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत, बाई वाईट नाही. पक्षाने बिचारीला वाऱ्यावर सोडलेलं दिसतं. मला थोडी दया आली, थोडा आनंद झाला.

२ ऑगस्ट

खालूने मला न विचारता सभा ठेवली. गेले तर कालव्याच्या उत्तरेला, तांबटांच्या मोहल्ल्यात. तिथली प्रत्येक गल्ली राफिदची आहे.

"खालू, इथे यायचं नव्हतं."

"मी कुठे आलो? लोकांनी बोलावलं. मुहन्नदच्या बहिणीला बघायचं म्हणाले. आता हाकलून देऊ का त्यांना?"

मंडप माणसांनी भरलेला होता. मुहन्नदचा केवढा तरी मोठा फोटो लावला होता. मी बोलायला उभी राहिले तेव्हा पुढच्या रांगेतले म्हातारे रडत होते. अशा वेळी 'इथलं तुमचं मत राफिदला द्या' असं म्हणायचं मी ठरवून गेले होते. म्हटलंही, पण शेवटी, आणि हळू. ध्वनिक्षेपक तोवर बंद झाला होता.

संध्याकाळी राफिदला फोन करून सांगितलं. "ठीक आहे," म्हणाला. "एकदा झालं. पुन्हा नको."

२७ ऑगस्ट

पुन्हा झालं. तीन वेळा. खालू म्हणतो, पक्षाच्या खेड्यांत माझं कुणी ऐकणार नाही, मग तिथे जाऊन काय उपयोग, जिथे मुहन्नद लोकांच्या मनात आहे तिथेच जायला हवं. बोलणं पटतं. आमच्या टोळीच्या घराघरांत त्याने निरोप धाडलाय की आपल्या रक्ताची पोरगी उभी असताना मत बाहेर गेलं तर आपल्याकडच्या लग्नाला येऊ नका. आमच्या टोळीतली शिकलेली पोरं उत्तरेलाच राहतात.

राफिद आज दुकानात आला. गुडघ्याला लावायचं मलम घेतलं.

"तुझ्या खालूला आवर, इब्तिहाल."

"तू स्वतः बोल ना त्याच्याशी. माझ्यापेक्षा तुझं ऐकेल."

"ऐकेल कुणाचं तरी," तो म्हणाला. "फक्त माझं ऐकेलसं वाटत नाही." मग जरा थांबून, "तुला कधी वाटलं नाही का, की तो इतकी धावपळ कुणासाठी करतोय?"

मला राग आला. दुखवट्याचा तंबू कुणी उभारला होता, असं विचारणार होते. विचारलं नाही. तोही निघून गेला.

पुरुषाला आपल्याएवढी गर्दी बाईच्या सभेला झालेली सोसत नाही, असंही मनात येऊन गेलं.

१९ सप्टेंबर

नदीकाठच्या नव्या रस्त्याचं काम खालूला मिळालं. दोन वर्षं अडकून पडलेलं काम. त्याने सगळ्या गल्लीला भाजलेला मासा खाऊ घातला. यूम्माने ताटाला हात लावला नाही. पोट बिघडलंय म्हणाली.

१० ऑक्टोबर

मतदान. शाळेच्या वर्गात, पुठ्ठ्याच्या आडोशाला उभी राहून माझ्या नावापुढे खूण केली. क्षणभर वाटलं होतं, राफिदला द्यावं. पण आमचं घर दक्षिणेला आहे, वाटणीप्रमाणे ते माझंच. नियम पाळल्यासारखं वाटलं.

माणसं फार थोडी आली. ज्यांच्यासाठी कायदा बदलून घेतला ती चौकातली निम्मी पोरं घरीच बसली. एक मला म्हणाला, "मेलेल्यांनी मतदान केलं होतं पुलावर. आम्ही परत कशाला?" 

११ ऑक्टोबर

हे नीट लिहून ठेवायचं आहे.

दुपारी आकडे लागले. पक्षाचे पहिले तिघे. चौथा राफिद. मी खूप खाली, त्याच्या निम्म्यानेही नाही, पण बायकांमध्ये पहिली.

निकाल ऐकून पोरं त्याच्या कचेरीसमोर जमली. ढोल आला. चौथा म्हणजे जिंकला, एवढंच लोकांना माहीत. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि बाजारातून नाचवत नेलं. मी पदपथावर उभी होते. राफिद वरून सांगत होता, "खाली उतरवा. अरे, मी हरलोय. उतरवा खाली." ढोलाच्या आवाजात कुणालाही ऐकू जात नव्हतं. तो थट्टा करतोय असं समजून पोरं आणखी जोरात नाचली. त्याचा दुखरा पाय एकाच्या छातीवर लोंबत होता.

मग त्याने मला पाहिलं. हात वर करून सलाम केला. मीही केला. ढोलवाल्याला वाटलं, आम्ही एकमेकांचं अभिनंदन करतोय.

१७ ऑक्टोबर

अधिकृत यादी आली. त्याचं नाव काढलं, माझं घातलं.

ज्या पोरांनी त्याला नाचवलं त्यांनीच माझ्या दुकानाच्या शटरवर 'चोर' लिहिलं. मी पुसलं नाही. संध्याकाळी राफिद स्वतः आला आणि टर्पेन्टाइनने पुसू लागला.

"राहू दे," मी म्हटलं.

"घाण दिसतंय." पुसता पुसता तो बोलत राहिला. तिसऱ्यात आणि त्याच्यात चारशेचंही अंतर नव्हतं. मला उत्तरेत जी मतं पडली ती त्या अंतराच्या कितीतरी पट होती. सगळे आकडे त्याला पाठ होते. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना.

"मग जुनी यादीपद्धतच बरी होती," मी म्हणाले.

"त्या पद्धतीत मी उभाच राहू शकलो नसतो. यादी करणाऱ्याच्या दारात बसावं लागलं असतं." त्याने चिंधी पिळली. "कुठलीही पद्धत आण, इब्तिहाल. तिच्यात एक भोक असतंच. ते कुणाला आधी सापडतं, एवढाच प्रश्न. आम्ही कायदा मागत होतो तेव्हा ते वाचत होते."

'ते' म्हणजे कोण, हे मी आजही विचारलं नाही.

जाताना म्हणाला, "खासदार झालो असतो तर अंगाला हात लावायला त्यांना दहादा विचार करावा लागला असता. आता समरला माहेरी पाठवतो थोडे दिवस. तू खटल्याचं बघ तिकडून."

४ नोव्हेंबर

खटल्याला तारीख होती. राफिदने पहिल्यांदाच एका अधिकाऱ्याचं नाव घेऊन साक्षीला बोलवायची मागणी केली. हे नंतर कळलं. मी नव्हते. खालूने माझा सत्कार ठेवला होता.

७ डिसेंबर

राफिदला मारलं.

सकाळी तो पाव आणायला गेला होता. मोटरसायकलवर दोघे होते. बेकरीतल्या माणसाने काहीच पाहिलं नाही. रांगेतल्या कुणीही काही पाहिलं नाही.

यूम्मा त्याच्या आईपाशी जाऊन बसली आहे. मला म्हणाली, तू येऊ नकोस अजून.

११ डिसेंबर

यूम्मा घरी आली. मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलले का तिथे?"

"नाही."

"काहीच?"

"पोरी, तिथे एक माणूस मेलाय."

१९ डिसेंबर

बरेच दिवस डोक्यात होतं ते आज केलं. निवडणूक कचेरीत गेले आणि विचारलं, शपथ घ्यायच्या आधी मी राजीनामा दिला तर?

तिथल्या तरुण कारकून बाईने चहा मागवला. "बाईच्या जागी बाईच येते. तुमच्यानंतर बायकांमध्ये सुहादबाई आहेत. त्या येतील."

"म्हणजे चारही जागा पक्षाच्या."

"मी पक्ष बघत नाही. नियम बघते."

"आणि राफिद जिवंत असता तर? त्याला परत मिळाली असती?"

"नाही. त्यांचा नंबर पुरुषांत होता." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "माझा भाऊपण पुलावर होता. वाचला. तुम्ही त्याच्या हाताला टाके घातले होते. राजीनामा देऊ नका."

चहा तसाच राहिला.

२३ डिसेंबर

समर माहेरहून परत आली आहे, तिच्याकडे गेले. दार तिनेच उघडलं. आत ये म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. मी आत जाऊन बसले.

तिला सगळं सांगितलं. राजीनामा दिला तर सुहाद, नाही दिला तर मी. तू सांगशील तसं करीन म्हणाले.

ती ऐकत होती. म्हणाली, "आमची गल्ली कालव्याच्या दक्षिणेला आहे, तुला ठाऊक आहे ना?"

माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्याची कचेरी उत्तरेला, म्हणून तो उत्तरेचा असंच मनात होतं.

"मतदानाच्या सकाळी त्याने आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं की इब्तिहालच्या नावापुढे खूण करायची. त्याची आई, त्याचे दोन्ही भाऊ, भावजया, मी. तो स्वतः. मी भांडले. तिचा खालू उत्तरेत घरोघर फिरतोय आणि आपण कसले नियम पाळतोय, म्हटलं. तर म्हणाला, तिने शब्द दिलाय, तिला कळलं की ती थांबवेल." समर खिडकीबाहेर बघत होती. "त्याचं स्वतःचं मत तुझ्या ढिगात आहे. आता मला विचारतेस, काय करू? राहिलीस तर तू आहेस, गेलीस तर सुहाद आहे. दोन्हींत राफिद नाही. मग मला का विचारतेस?"

बाहेर पडले तेव्हा तिने दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२ जानेवारी

खालू आला. खजुराची मिठाई घेऊन. यूम्मा आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली.

"तू थकलेली दिसतेस," तो म्हणाला. "बगदाद बाईमाणसाला सोपं नाही. तिथे जायलाच हवं असं नाही. जायचं नसेल तर तसं सांग, त्यांची हरकत नाही. जायचं असेल तर त्यांच्या बाजूला बस, गप्प राहा. त्यालाही हरकत नाही. रस्ते होतील, दवाखाना होईल. तुझ्याच नावाने होईल."

"कुणाची हरकत नाही, खालू?"

 मी हे आधीच जाणते, असं त्याला इतके दिवस वाटत होतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. गल्लीतल्या प्रत्येकाला वाटत होतं. राफिदला एकट्याला वाटलं नाही.

"त्याला मारायचं ठरलं होतं का?" मी विचारलं.

"वेडी आहेस का तू? मी रस्ते बांधतो." त्याचा आवाज खराच दुखावलेला होता. "फक्त तो संसदेत जाऊ नये, एवढंच होतं. तिथे गेला असता तर भलतीच नावं घेतली असती. बाकी मला काही माहीत नाही. बाहेर राहून गप्प बसला असता तर आज जिवंत असता. मी त्याचं भलंच बघत होतो."

मी त्याला दारातल्या त्याच्या चपला दाखवल्या. तो उठला. मिठाईचा डबा विसरला, की मुद्दाम ठेवला, माहीत नाही. कचऱ्यात टाकला.

कडी उघडून यूम्मा बाहेर आली. म्हणाली, "हे त्याच्या घरच्या पहिल्या जेवणाला बोलायला हवं होतंस." आणि मग, मी काही म्हणायच्या आत, "मीसुद्धा बोलायला हवं होतं."

९ जानेवारी, बगदाद

शपथ झाली. माझी खुर्ची मागच्या रांगेत, खांबाआड.

शेजारी देशाच्या उत्तर भागातल्या कुठल्याशा पक्षाचे एक वयस्क खासदार बसले होते. तिसऱ्यांदा आलेत. गप्पांना माणूस हवा होता. जुनी पद्धत परत आणायचं चाललंय म्हणाले, मोठे मतदारसंघ, याद्या. "या नव्या भानगडीत कोण कुठून येतं, पत्ताच लागत नाही. तुम्ही किती मतांनी आलात, बहिणी?"

मी आकडा सांगितला.

"एवढ्यात येतं माणूस?"

"नाही येत. माझ्या दुपटीहून जास्त मतं पडलेला एकजण होता. त्याच्या जागी मला बसवलं. नंतर त्याला मारलं."

 "अल्लाह त्याच्यावर दया करो," ते म्हणाले आणि पुढच्या रांगेतल्या कुणाशी तरी बोलायला वाकले. परत माझ्याकडे वळले नाहीत.

याद्या परत आल्या तर माझ्यासारखी पुन्हा कुणी येणार नाही, आणि राफिदसारखं तर कुणीच नाही. तरी विरोधात मत देणार. आमच्याकडे एकदा तरी लोकांनी एका माणसाला त्याच्या नावाने निवडलं होतं. त्याचं नाव काढलं गेलं, पण मतं पडली होती, ती मोजलीही गेली होती.

पुलाच्या खटल्याची तारीख तेवीसला आहे. सात वकिलांना विचारलं, सातही नाही म्हणाले. त्या अधिकाऱ्याला साक्षीला बोलवायची राफिदची मागणी अजून कागदावर आहे, वकील उभा राहिला नाही तर ती निकाली निघेल. नातेवाईक म्हणून मला बोलता येतं का, हे कोर्टाच्या कारकुनाला फोन करून विचारलं. येतं म्हणाला. मग त्यानेच विचारलं, "नाव काय लिहू? खासदार म्हणून लिहू का?"

मुहन्नदची बहीण लिही म्हणाले. फोन ठेवल्यावर पुन्हा लावला. म्हटलं, दोन्ही लिही.